सुरतेत कुठे?

सिस्टर : सर, पोट पडलेल्या बाईच्या खाटेशेजारी मी तीस-बत्तीस वर्षं उभी राहिले आहे. कारण शोधायला मला शिशापर्यंत कधी जावंच लागलं नाही, वाटेतच इतकी कारणं भेटतात. हिमोग्लोबिन सात. घरात सिकलसेल. लग्न सोळाव्या वर्षी, कागदावर एकोणीस. सातव्या महिन्यापर्यंत डोक्यावर उसाच्या मोळ्या. ताप आला तर दोन दिवस भगताकडे, तिसऱ्या दिवशी आमच्याकडे, आणि पावसात नाला भरला तर चौथ्या. यातलं एकेक कारण पुरेसं आहे. आणि तुम्ही रसायनशास्त्राचं पुस्तक उघडून म्हणता, सिस्टर, धातू बघा. ज्या घरात डाळ आठवड्यातून दोनदा शिजते तिथे मी रक्तातले मायक्रोग्रॅम मोजत बसू? मला भीती वेगळीच वाटते. गरिबीचं नाव घ्यायचं नसलं की माणसं विषाचं नाव घेतात. विष म्हटलं की कोणीतरी परका गुन्हेगार सापडतो. गरिबी म्हटलं की आपल्या सगळ्यांनाच उत्तर द्यावं लागतं.

सर : तुमचं ते सात हिमोग्लोबिन, माझी सुरुवातच तिथून आहे. आतड्यात लोह आत घेणारं जे वाहक प्रथिन असतं ते फार चोखंदळ नाही. लोह मिळालं तर लोह घेतं, नाही मिळालं तर त्याच्यासारखं दिसणारं दुसरं काही. शरीरात लोहाचा तुटवडा पडला की आतडं अशी दारं वाढवतं, आणि त्याच दारांतून शिसं आणि कॅडमियम शिरतं. कॅल्शियम कमी असलं तरी शिशाचं फावतं. म्हणजे एकाच ताटातलं तेवढंच शिसं सुखवस्तू घरातल्या बाईच्या अंगात जितकं मुरेल, त्याहून तुमच्या पाड्यावरच्या बाईच्या अंगात जास्त मुरतं. आणि आत गेल्यावर ते काय करतं? रक्ताचा लाल रंग ज्या साखळीने तयार होतो तिची एक कडी तोडतं. हिमोग्लोबिन आणखी उतरतं. दार उघडं म्हणून चोर शिरला आणि शिरल्यावर त्याने दाराची कडीच काढून नेली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका ॲनिमिक निघाल्या. आपण तो आकडा अन्नाचा म्हणून वाचतो. मी म्हणतो, तो उघड्या दारांचाही आहे. गरिबी आणि विष असे दोन पक्ष तुम्ही केलेत. मला तर ती एकमेकांकडे जेवायला जाणारी भावकी दिसते.

सिस्टर : दार उघडं आहे हे कबूल. चोर कुठे आहे ते सांगा. इथे काय आहे? शेती, डोंगर आणि ताप्ती व्हॅली लाइनीवरचं एक स्टेशन, खांडबारा. पेट्रोलमधलं शिसं २००० सालीच देशभर बंद झालं. घराच्या रंगातलं शिसं ९० पीपीएमच्या खाली आणायचा नियम २०१७ पासून लागू आहे, आणि आमच्या पाड्यावरच्या कुडाच्या भिंतींना तसाही शेण-माती सोडून रंग कुठला?

सर : उकाई धरणाचं पाणी नवापूर तालुक्यापर्यंत फुगलेलं आहे, काठावरची घरं त्यात मासे मारतात. जाळ्याच्या खालच्या दोरीला वजन लागतं. ते कुठून येतं ते मी एका अंगणात पाहिलं. ट्रॅक्टरची मेलेली बॅटरी दगडाने फोडलेली. आतल्या पट्ट्या जुन्या तव्यावर टाकून तवा चुलीवर. शिसं ३२७ अंशांना वितळतं, लाकडाच्या जाळावर सहज. वर राखाडी साय धरते ती काडीने सारायची, आणि खालचं चांदीसारखं पाणी कोरड्या वाळूत बोटाने ओढलेल्या चरीत ओतायचं. थंड झालं की कातरीने तुकडे करायचे, तुकडा दोरीवर गुंडाळायचा आणि दातांनी दाबायचा. दातांनी, सिस्टर. दोन पोरं शेजारी बसून तेच करत होती. बॅटरीचं आंबट पाणी परसात ओतलेलं होतं आणि संध्याकाळची भाकरी त्याच चुलीवर झाली.

सिस्टर : त्या अंगणातल्या बाईचं पोट पडलं होतं?

सर : नाही. तिला चार मुलं आहेत.

सिस्टर : बघा.

सर : बघतो आहेच. तिचं पोट पडलं असतं तर मी ते पुरावा म्हणून तुमच्यासमोर ठेवलं असतं आणि तुम्ही म्हणाला असता, एका बाईवरून काय ठरतं? मग चार मुलांच्या एका बाईवरूनही काही ठरत नाही. आणखी सांगतो. बाजारातलं स्वस्त जर्मनचं पातेलं घ्या. ते भंगार वितळवून ओतलेलं असलं तर त्या भंगारात काय काय होतं हे ओतणाऱ्यालाही ठाऊक नसतं. चिंच-कोकम त्यात शिजलं की उतरतं. पितळेच्या भांड्याला कल्हई करणाऱ्याचं कथील शुद्ध असलं तर प्रश्न नाही, पण कथील महाग आणि शिसं स्वस्त. सराफाच्या पाटीवर अजून ‘केडीएम’ दिसतं, ते के-डी-एम म्हणजे कॅडमियमचा डाग. दागिना घालणारीला त्याचा फारसा उपद्रव नाही, पण फुंकणी घेऊन डाग देणारा कारागीर तो धूर ओढतो. आणि तुमची मशेरी. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम पानात ओढून साठवतं. बाई ते पान तव्यावर जाळून, कुटून, दिवसातून चारदा हिरड्यांना लावते, दिवस गेलेले असताना मळमळ थांबते म्हणून जास्तच लावते. कॅडमियम वारेत साठून बसतं आणि बाळाकडे जाणारं जस्त अडवतं. मशेरीने बाळाचं वजन घटतं हे कऱ्हाड-पुण्याकडच्या डॉक्टरांनी कधीच दाखवलं आहे. त्यातलं निकोटिनचं किती आणि कॅडमियमचं किती हे वेगळं करता येत नाही, ते मी आपणहून सांगतो.

सिस्टर : मशेरीबद्दल मी भांडणार नाही, मी स्वतः डबे हिसकावून घेतले आहेत. पण तुम्ही आत्ता जे केलंत ते सगळेच शिकलेले लोक करतात. एका दमात दहा वस्तू मोजल्यात. दहा मोजल्या की ऐकणाऱ्याला वाटतं चहूकडे विष आहे, आणि चहूकडे आहे म्हटलं की करायचं काहीच उरत नाही. मला एक सांगा, आणि किती ते सांगा. औषधाचाही डोस असतो, विषाचाही असतो. किती शिशाला पोट पडतं?

सर : मेक्सिको शहरात १९९० च्या दशकात एक चांगला अभ्यास झाला, १९९९ साली छापून आला. गरोदरपणाच्या सुरुवातीलाच बायकांचं रक्त घेऊन ठेवलं, मग कोणाचं पोट पडतं ते पाहिलं. म्हणजे दुःख झाल्यावर कारण शोधत बसले नाहीत, आधी मोजलं. ज्यांचा गर्भ टिकला त्यांचं सरासरी शिसं डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅमच्या जवळपास, ज्यांचा पडला त्यांचं १२ च्या. दर ५ मायक्रोग्रॅम वाढीला पोट पडण्याची शक्यता १.८ पट. भट्टीतल्या कामगाराचे हे आकडे नाहीत, शहरात राहणाऱ्या साध्या बायकांचे आहेत. आणि आपल्याकडे? युनिसेफच्या २०२० च्या अहवालात जगातल्या ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं असल्याचा अंदाज आहे, त्यातली सुमारे साडेसत्तावीस कोटी भारतातली. त्या मुलांतल्या मुलीच उद्या तुमच्या खाटेवर येणार.

सिस्टर : अंदाज. मेक्सिकोचं रक्त, युनिसेफचा अंदाज आणि खांडबाऱ्याची बाई, अशी मोळी तुम्ही बांधताय. दहा आणि बारा, म्हणे. दोन मायक्रोग्रॅमचा फरक! आमच्या हिमोग्लोबिनच्या जुन्या काड्यांत एवढा फरक नुसता डोळ्याने पडायचा. अमेरिकेतल्या फ्लिंट गावाचं मीही वाचलं आहे. २०१४ साली नळाचं पाणी बदललं, जुन्या नळांतून शिसं सुटलं. दोन अर्थतज्ज्ञांनी हिशेब मांडला की जन्म १२ टक्क्यांनी घटले, पोटातले मृत्यू ५८ टक्क्यांनी वाढले. मग बाकीच्यांनी तो हिशेब उसवायला घेतला, आणि त्यावर वाद झालाच. जिथे प्रत्येक नळाची, प्रत्येक जन्माची नोंद आहे तिथे ही गत. आमच्याकडे तर दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पडलेलं पोट कुठल्याही वहीत येत नाही. बाई शेतात जाते, परत येते, सासूला सांगते, झालं. मोजायचं म्हणता, पण जे गेलं तेच मोजलेलं नाही.

सर : हे मात्र तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. न मोजलेलं पोट आणि न मोजलेलं शिसं. आता त्यात तिसरी अडचण घाला, ती मला सगळ्यांत मोठी वाटते. रक्तातलं शिसं महिनाभरात निम्मं होतं, पण होतं म्हणजे जातं कुठे? थोडं लघवीवाटे, आणि बरंचसं हाडात. मोठ्या माणसाच्या अंगातलं नव्वद टक्क्यांहून जास्त शिसं हाडांत असतं आणि तिथे दोन-तीन दशकं मुक्काम करतं. बाळाचा सांगाडा घडवायला आईच्या हाडांतून कॅल्शियम सुटतं, त्याच्याबरोबर हे जुनं शिसंही सुटतं. ऑस्ट्रेलियात हे फार सुंदर रीतीने पकडलं गेलं. तिथल्या ब्रोकन हिलच्या खाणीतलं शिसं पृथ्वीच्या फार जुन्या काळातलं, त्याच्या समस्थानिकांचं प्रमाण युरोपातल्या शिशापेक्षा वेगळं. पूर्व युरोपातून ऑस्ट्रेलियात राहायला आलेल्या बायकांचं रक्त गरोदरपणात महिनोमहिने तपासलं. हवा-पाणी-अन्न ऑस्ट्रेलियाचं, आणि दिवस भरत गेले तसतसं रक्तात वर येऊ लागलं ते माहेरचं शिसं.

सिस्टर : माहेरचं. वा. बाळंतपण माहेरी करायची रीत आमची, आणि शिशानेही ती पाळली.

सर : आता ही गोष्ट खांडबाऱ्याच्या फलाटावर आणा. दिवाळी झाली की टोळ्या सुरतेच्या गाडीत चढतात. कोणी बारडोली-गणदेवीकडे उसाला, कोणी बांधकामावर, कोणी आणखी पुढे, वापी-अंकलेश्वरपर्यंत. बरोबर पोरं. समजा, एक पोरगी आठव्या वर्षापासून बाराव्यापर्यंत शहरात भंगाराच्या वाड्यामागे राहिली, जिथे दिवसभर तारा जाळतात, बॅटऱ्या फोडतात. मग टोळी बदलली, पोरगी इकडे आली, लग्न झालं, अठराव्या वर्षी दिवस गेले. तेव्हा ती राहते डोंगराच्या कुशीत, जिथे तुम्ही म्हणता तसं काहीच नाही. पोट पडलं तर तुम्ही घर बघाल, पाणी बघाल, आणि खरोखरच काही सापडणार नाही. शिशाचा पत्ता एक, पोट पडल्याचा पत्ता दुसरा. मधे काही वर्षं आणि राज्याची हद्द. म्हणून ‘इथे कारखाना नाही’ हे तुमचं वाक्य मला अर्धंच वाटतं. कारखाना हाडात घेऊन माणसं परत येतात.

सिस्टर : थांबा. हे मला आत कुठेतरी लागलं, म्हणूनच मी त्यावर जास्त संशय घेणार. असं कारण फार सोयीचं असतं, जे दहा वर्षांपूर्वी घडलं, दुसऱ्या राज्यात घडलं, आणि हाडात लपलंय. त्याला खोटं कसं पाडायचं? भगतही हेच सांगतो की. लहानपणी तू कुठेतरी ओलांडलंस, ते आता बाधतंय.

सर : भगताच्या बाधेचं माप घेता येत नाही. हाडातलं शिसं क्ष-किरणांच्या यंत्राने जिवंत माणसात मोजता येतं. दुधाचा पडलेला दात ठेवला असला तर त्यात ते पोरीच्या लहानपणाचं सापडतं. मिनामाटाचं उदाहरण घ्या. १९५६ साली जपानमधल्या त्या गावात पाऱ्याचा रोग अधिकृतपणे ओळखला गेला. आया वरवर ठीक, बाळं जन्मतःच लुळी. तोवर समज अशी की वार विष अडवते. डॉक्टर हारादांनी पुढे काय शोधलं? जपानी घरांत बाळाची वाळलेली नाळ लाकडी डबीत जपून ठेवतात. त्या डब्या उघडल्या, नाळा तपासल्या, आणि कोणत्या वर्षी किती पारा बाळाकडे गेला ते वर्षवार सांगता आलं.

सिस्टर : आणि आम्ही नाळ पुरतो. मी स्वतः किती घरांच्या दाराशी खड्डा बघितला आहे. माणूस म्हणतो, माझी नाळ इथे पुरली आहे, म्हणजे हे माझं गाव. तुमच्या हिशेबाने आम्ही पुरावाच पुरतो.

बरं, आता माझं ऐका, कारण एक गोष्ट तुम्ही इतका वेळ बोललाच नाहीत. मघापासून बाई, बाई, बाई. तिचं आतडं, तिची वार, तिची हाडं. जाळ्याचं शिसं दातांनी कोण दाबत होतं?

सर : पोरं. आणि त्यांचा बाप.

सिस्टर : मग? माझ्याकडे जोडपं येतं तेव्हा बाई पुढे, सासू मागे, नवरा झाडाखाली. मूल होत नाही म्हणून पाच वर्षं बाईचं रक्त, बाईची सोनोग्राफी, बाईचे उपास. दुसरी करू का असं विचारायला नवरा तेवढा आत येतो. धातूचं जर तुम्हाला एवढं कळतं तर त्याचं सांगा.

सर : चुकलंच. रक्तात शिसं ४० मायक्रोग्रॅमच्या वर गेलं की पुरुषाच्या वीर्यातल्या शुक्राणूंची संख्या आणि चाल दोन्ही घटतात, हे कितीतरी देशांतल्या बॅटरीच्या आणि शिशाच्या भट्टीवरच्या कामगारांत दिसलं आहे. शुक्राणूच्या डोक्यात गुणसूत्रं घट्ट गुंडाळून ठेवायला जस्त लागतं. शिसं त्या जस्ताची जागा बळकावतं आणि गुंडाळी बिघडते. फरक एवढाच की बाई जन्मतःच सगळी बीजं घेऊन येते आणि पुरुष सतत नवी तयार करतो, एका खेपेला साधारण अडीच महिने. म्हणजे भट्टीवरून माणूस उठला, अंगातलं शिसं उतरत गेलं, तर सुधारायला जागा असते. हाडातलं उरतं, ते वेगळं.

सिस्टर : हे पाड्यावर जाऊन सांगा. यासाठी मी तुमची शिशाची पोथी डोक्यावर घेऊन फिरेन. आमच्याकडे मूल न झालेल्या बाईला नुसतं वांझ म्हणून थांबत नाहीत. शेजारचं पोर आजारी पडलं की तिच्याकडे बघतात. डाकीण ठरवून मारहाण झालेल्या बायका या जिल्ह्यात आहेत. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काही उगाच करावा लागला नाही. अशा ठिकाणी तुम्ही बाईच्या हातात एक आकडा देणार. शिसं पंधरा. त्याचा अर्थ तिला तुम्ही नीट सांगाल, पण सासूला कोण सांगणार? सिकलच्या कार्डाचं मी बघितलं आहे. कार्ड दिलं काळजी घ्यावी म्हणून, आणि सोयरीक मोडली. तुमचा आकडाही असाच तिच्या पदराला बांधला जाईल. हिच्या अंगात धातू आहे, हिची कूस विषारी.

सर : म्हणजे तपासायचंच नाही? २००६ च्या फेब्रुवारीत नवापुरात बर्ड फ्लूने कोंबड्या मरायला लागल्या तर नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले, देशभर नवापूरचं नाव झालं. कोंबड्यांसाठी भोपाळ जवळ होतं. बायकांच्या रक्तासाठी अहमदाबादची व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था लांब?

सिस्टर : नमुने गेले, ठीक. पुढे काय केलं?

सर : ...

सिस्टर : कोंबड्या मारल्या. लाखांनी. नमुना पॉझिटिव्ह आला की जिचा नमुना तिलाच भोगावं लागतं, हा आमचा अनुभव आहे. टोमणा नाही मारत, सर. बीडचं बघा ना. ऊसतोड्यांच्या बायकांच्या गर्भपिशव्यांचा प्रश्न २०१९ साली विधिमंडळात गाजला, समिती नेमली. ८२,३०९ बायकांची पाहणी, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली. का काढली? पाळी आली, अंगावरून गेलं, तर खाडा पडतो. मुकादमाचा हिशेब कोयत्याने चालतो, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून. बाई बसली की अर्धा कोयता बसला. आता तुम्ही म्हणणार, अमुक कामात धातू आहे, तो गर्भाला वाईट. मुकादम काय करेल? धातू काढेल की बाई काढेल?

सर : बाई काढेल. तसंच झालेलं आहे, आणि कायद्यानेच झालेलं आहे. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचं ८७ वं कलम सरकारला अधिकार देत होतं की धोक्याच्या कामांवर बायकांना आणि कोवळ्या मुलांना मनाई करावी. पुरुषाने तेच शिसं ओढलं तर चालायचं. अमेरिकेत जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरी कंपनीने १९८२ मध्ये नियम केला, मूल होऊ शकणाऱ्या कुठल्याही बाईला शिशाच्या कामावर घ्यायचं नाही. ज्यांनी दावा लावला त्यांत एक बाई होती, तिने नोकरी टिकावी म्हणून नसबंदी करून घेतली होती. आणि एक पुरुष होता, त्याला बाप व्हायचं होतं. अंगातलं शिसं उतरेपर्यंत रजा द्या म्हणाला, ती नाकारली. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा नियम मोडीत काढला.

सिस्टर : मग बायकांना काम मिळालं.

सर : मिळालं.

सिस्टर : आणि शिसंही.

सर : हो. समान हक्काने. निकाल वाचला की मला दरवेळी आनंद होतो आणि दरवेळी तिथेच अडतो. पण तुम्ही म्हणता म्हणून गप्प बसणंही मला जमत नाही. बाई न तपासता वस्तू तपासता येते. बांगलादेशात हळदीला पिवळा रंग यावा म्हणून शिशाचं क्रोमेट घालत. ढाक्याच्या आणि स्टॅनफर्डच्या लोकांनी ते शोधलं. गरोदर बायकांच्या रक्तातलं शिसं आणि हळदीतलं शिसं एकाच खाणीचं आहे हे जुळवलं, आणि मग बायकांच्या मागे न लागता बाजाराच्या मागे लागले. हळकुंडं तपासली, व्यापाऱ्यांना दंड केला, वर्तमानपत्रांत छापलं. २०१९ मध्ये बाजारातले ४७ टक्के नमुने भेसळीचे होते, २०२१ मध्ये शून्य. एकाही सुनेच्या पदराला आकडा बांधला नाही. आपल्या बाजारात तसं करू. पातेलं तपासू, हळद तपासू, कल्हईवाल्याचं कथील तपासू, ‘गर्भ राहण्याचं’ म्हणून विकतात त्या पुड्या तपासू. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ साली सहा गरोदर बायकांच्या अंगात शिसं सापडलं, ते भारतात बनलेल्या आयुर्वेदिक गोळ्यांतलं. त्यांतल्या काही तर मूल निरोगी व्हावं म्हणून घेतलेल्या.

सिस्टर : पुड्यांचं करा, आजच करा, त्याला माझी ना नाही. हळदीचंही करा. पण हळदीत घाणेरडं घालणारा व्यापारी एक असतो, त्याला दंड करता येतो. जाळ्याचं शिसं ओतणारा व्यापारी नाही, तो माझ्या पेशंटचा नवरा आहे. जर्मनचं पातेलं घेऊन उन्हात बसलेली म्हातारीही माझीच पेशंट. पातेलं खराब निघालं तर तुम्ही ते फेकायला सांगणार. ती विचारेल, मग भात कशात शिजवू? मातीच्या मडक्यात म्हणाल. मडकं सुरतेच्या गाडीत, पाच जणांच्या बिऱ्हाडात, किती दिवस टिकतं सांगा.

सर : तुमच्याच पिशवीत एक उत्तर आहे, म्हणून मी तुमच्याकडे आलो. लाल गोळी. आणि कॅल्शियमची. लोह मिळालं की आतड्याची जादा दारं मिटतात. कॅल्शियम मिळालं की हाडांवरचा उपसा कमी होतो. मेक्सिकोतच गरोदर बायकांना रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम दिलं तर रक्तातलं शिसं सरासरी ११ टक्क्यांनी कमी राहिलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये शिशाबद्दल जो सल्ला दिला त्यात गरोदर बाईसाठी हेच आहे. आपल्या कार्यक्रमात चौदाव्या आठवड्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज आहेतच. नागली आपल्या डोंगरात पिकते, शंभर ग्रॅमला तीनशेवर मिलिग्रॅम कॅल्शियम. हा काही उतारा नाही, विष त्याने निघत नाही. पण वेगळी योजना नको, वेगळं कार्ड नको, कोणाला सांगावंही लागत नाही.

सिस्टर : म्हणजे बत्तीस वर्षं मी न कळता तुमचंच काम केलं. गंमत आहे. आणि तेही अर्धंच, कारण लाल गोळीने संडास काळी होते म्हणून निम्म्या बायका ती चुलीत टाकतात, आणि उरलेल्या दोन्ही गोळ्या एकदमच गिळतात. एकदम घेतल्या की कॅल्शियम लोहाला अडवतं, हे सांगून माझा घसा बसला. पण सर, तुमचं हे उत्तर मला जितकं आवडतं तितकंच खुपतं. आत्ताच म्हणालात, कोणाला सांगावं लागत नाही. म्हणजे भंगाराच्या वाड्याला काही सांगायचं नाही, मुकादमाला नाही, सरकारलाही नाही. तिला दोन गोळ्या द्यायच्या आणि परत तिथेच पाठवायचं. अकरा टक्के कमी करून.

सर : मग काय करू? तपासू नको म्हणता, कारण आकडा तिच्यावर उलटतो. सांगू नको म्हणता, कारण काम तिचं जातं. गोळी देऊ म्हटलं तर ती तोंड बंद करायची गोळी ठरते.

सिस्टर : तपासू नको असं मी म्हटलं नाही. एकटीला तपासू नका म्हटलं. जोडप्याला तपासा, एकाच दिवशी, एकाच खोलीत. आणि सुई आधी नवऱ्याला टोचा, सगळ्यांदेखत. पुढचं पुढे बघू. तेवढं झालं तरी गावात बोलणं वेगळं होईल.

आणि एक काम माझं राहिलं. नाव, वय, कितवी खेप, शेवटची पाळी, हे सगळं मी हजारो बायकांना विचारलं. दिवस जायच्या आधी तू कुठे होतीस, लहान असताना कुठे होतीस, काय काम करत होतीस, हे एकीलाही विचारून लिहून ठेवलं नाही. त्याला सुई लागत नाही, अहमदाबादही लागत नाही. आमच्या गल्लीतल्या पोरीपासून परवाच सुरुवात केली, पाचवा महिना आहे. विचारलं, बाई, लहानपणी कुठे होतीस?

सर : काय म्हणाली?

सिस्टर : सुरत. सगळ्या सुरतच म्हणणार. मी विचारलं, सुरतेत कुठे?

सर : मग?

सिस्टर : पुलाखाली.

सर : कोणत्या पुलाखाली?

सिस्टर : तेच मी विचारलं. म्हणाली, मोठ्या.